पायलचे चाळीस फॉर्म

४ ऑगस्ट २००८

आज दुपारी सव्वातीनला सगळं बदललं. पायल कॅफेत आली.

कॉलेजात दोन वर्षं तिच्या मागच्या बाकावर होतो. मग मी सरांच्या टेबलावर जर्नल आपटून निघून आलो आणि कॅम्प चारच्या या सायबर कॅफेत नोकरीला लागलो. ती शिकत राहिली. आता बदलापूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते, वर एम.फिल. करते. विषय काय, तर प्राध्यापक लोक कामाच्या ओळखींसाठी कुठली साइट निवडतात आणि का. चाळीस फॉर्म मला एक्सेलमध्ये टाकायचेत. निम्मे आज दिले.

'नावं नाहीत, नुसते नंबर. आणि जसं लिहिलंय तसंच टाक हां सम्यक, तुझं डोकं नको लावूस.'

चहा मागवला. कॅफेचा सिंधी शेठ गल्ल्यावरून म्हणतो, 'साईं, मला तर कधी पाजला नाहीस.'

६ ऑगस्ट

बारा झाले. मास्तर लोक भारी असतात. नंबर चार — ऑर्कुटवर विद्यार्थी 'सर, पेपर सोपा काढा' असं सगळ्यांसमोर लिहितात, म्हणून लिंक्डइन. नंबर नऊ — फेसबुक, कारण विभागप्रमुख अजून तिथे पोचलेले नाहीत. नंबर बारा — 'मुलाने उघडून दिले आहे, त्यालाच विचारावे.'

७ ऑगस्ट

पायल आली. नंबर बारा वाचून दाखवला तर तोंडावर ओढणी धरून हसली. मग एकदम विचारते, 'तू ऑर्कुटवर खूप असतोस ना रे?'

'दिवसभर. कामच आहे.'

काहीतरी बोलणार होती. पर्समध्ये बघत राहिली आणि 'बरं' म्हणाली.

तिला कळलंय. नक्की कळलंय.

९ ऑगस्ट

तिचं पान सकाळी पाहिलं, जेवताना पाहिलं, संध्याकाळी दोनदा. कोण येऊन गेलं ते ऑर्कुट दाखवतं. दाखवू दे. मी काही लिहीत नाही, त्रास देत नाही. नुसता जाऊन येतो.

१० ऑगस्ट

हिंदुराव सर उरलेले फॉर्म देऊन गेले. पायलच्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. लिंक्डइनवर कसं काय, विचारलं. म्हणाले, 'शांतता आहे बाबा. दोन महिन्यांत एकच परदेशी विद्वान भेटला, तो विमा विकायला बघत होता.'

११ ऑगस्ट

पायलचं ऑर्कुट उघडेना. सकाळपासून वीस वेळा करून पाहिलं. खातंच नाही! एक गिऱ्हाईक 'माउस चलता नहीं' म्हणत आलं, त्याच्यावर ओरडलो, कीबोर्ड आपटला. शेठ उठला, कीबोर्ड सरळ केला, म्हणाला, 'साईं, याने काय केलं तुला?'

संध्याकाळी डोकं थंड झालं. मॅडम झाली आता, लिंक्डइनवरच असणार. शोधलं. आहे. मीही खातं उघडलं. तिला जोडायचं तर आधी विचारतात, ओळख कशी? 'वर्गमित्र' म्हटलं तर शिक्षण भरावं लागतं. भरलं — २००१ ते २००३. लाज वाटली थोडी, पण खरं तेच भरलं. उद्या तिला विनंती पाठवतो.

१२ ऑगस्ट

सकाळी आधी फॉर्म संपवायला घेतले. नंबर अडतीस. अक्षर पायलचं. दोन वर्षं तिच्याच वह्या उतरवून काढल्यात, चुकणार नाही. तिने स्वतःचाही भरलाय.

'ऑर्कुट सोडलं. एक जुना वर्गमित्र दिवसातून चार-पाच वेळा माझं पान बघून जातो. लिहीत काहीच नाही. स्वभावाने वाईट नाही, पण चटकन भडकतो, म्हणून सांगायची हिंमत झाली नाही. लिंक्डइनवर तो नाही.'

गठ्ठ्यात चुकून आला, की मी वाचावा म्हणून ठेवला?

फॉर्म गठ्ठ्यावर पालथा ठेवला.

१३ ऑगस्ट

अडतीस नंबर पूर्ण टाकला, एक शब्द न बदलता. मग चाळीसपर्यंत.

हिंदुराव सरांना फोन करून बोलावलं. एक्सेलची सीडी आणि फॉर्मांचा गठ्ठा पायलला तुम्हीच द्या म्हटलं. 'भांडलास की काय रे?' 'नाही सर.'

लिंक्डइनचं खातं बंद केलं. खरंच बंद करायचं का, असं दोनदा विचारलं. दोन्हीदा हो म्हटलं.

शेठ जेवायला गेलाय. कॅफेत कोणी नाही. आता उठतो, या वेळी काही न आपटता दार ओढून घेतो आणि जातो.