नातीची उमेदवारी

४ मे
उशीर झाला, वही. माफ कर. सतरा दिवस तुला उघडलं नाही. लिहायला बसलो की माझ्याआधी काळजीच येऊन बसते. नातीच्या कॉलेजने फर्मान काढलंय — सहा आठवडे कुठल्यातरी कारखान्यात इंटर्नशिप करा, नाहीतर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही. आमच्या वेळी याला उमेदवारी म्हणत. तिने एकतीस ठिकाणी अर्ज पाठवले. एकाचंही उत्तर नाही! मी म्हटलं, थांब, मी शब्द टाकतो. अडतीस वर्षं लेथ मशीनवर काढली, ओळखी काय कमी? चौघांना फोन लावले. दोघे वारलेत. एकाला ऐकू येत नाही. चौथ्याने तीनदा विचारलं, कोण बोलतंय?

९ मे
मिळाली जागा! माझ्यामुळे नाही. पोरगी आपली आपण एका शाफ्ट, म्हणजे यंत्रातले फिरते दांडे, बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, सलग तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तिथल्या सुपरवायझर मॅडमने आत बोलावलं. काय येतं, विचारलं. ही म्हणाली, काही नाही, शिकायचंय. आणि घेतलं की!
आज तिचा पहिला दिवस. वाटलं होतं, निघताना विचारेल — आजोबा, पहिल्या दिवशी कसं वागू? तिने बुटांच्या नाड्या बांधल्या आणि गेली.

१५ मे
जेवताना ‘मॅडम म्हणतात’ अकरा वेळा. मोजलं.

१९ मे
मॅडम चौतीस वर्षांची आहे म्हणे. मॅडमला नुसत्या आवाजावरून कळतं, टूल बोथट झालंय. त्यात काय मोठंसं! मला शेजारच्या लेथचंही कळायचं. माझ्या हाताखाली सोळा जण तयार झाले. सातवीच शिकलो, पण हे शिकवलं. लहानपणी हीच पोरगी माझ्या हातावरचे डाग मोजायची. हा कशाने भाजला, तो कशाने? आता काही विचारत नाही. आज आपणहून सांगायला गेलो तर ‘हो आजोबा’ म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये डोकं. फोनमध्ये काय, तर मॅडमने पाठवलेलं ड्रॉइंग.
त्या बाईला मी पाहिलेलंसुद्धा नाही, तरी तिच्यावर जळतो. या वयात! लाज वाटते. पण जळतो.

२४ मे
तिने आज एक शाफ्ट घरी आणला. मशीनवर एकटीने केलेला पहिला. मॅडमने मोजून बरोबर आहे म्हटलंय. "पंचवीस मिलिमीटर, आजोबा! बघा तरी."
मी माझा जुना मायक्रोमीटर फडक्यातून काढला. तीनदा मोजलं. मिलिमीटरचे तीन शतांश जास्त. म्हटलं, यावर बेअरिंग चढणार नाही. ती म्हणाली, पण मॅडमनी मोजलाय.
"मग तुझ्या मॅडमचं माप चुकतंय," मी म्हटलं.
पोरगी कधी माझ्याकडे बघे, कधी शाफ्टकडे. मला बरं वाटलं. इथे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो — फार बरं वाटलं.

२६ मे
पोरगी आली ती थेट आतल्या खोलीत. जेवली नाही. मग आईशी बोलली, आणि सूनबाईने मला सांगितलं. सकाळी मॅडम यायच्या आत हिने मशीनमधला मापाचा आकडा तीन शतांशांनी कमी केला. माझ्या शब्दावर! कोणी मोजून बघेपर्यंत साठ शाफ्ट निघाले होते. सगळे बारीक. बेअरिंग सैल बसणार. सगळे भंगारात. मॅडमने विचारलं, तुला हे कोणी सांगितलं? ही म्हणाली, कोणी नाही, मलाच वाटलं.
मायक्रोमीटर काढला. मध्ये काही न घेता बंद केला. शून्य दिसायला हवं. तीन शतांश दाखवतोय. माप धरणाऱ्या दोन्ही तोंडांवर तेल वाळून बसलंय. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतं. आधी पुसा, बंद करा, शून्य बघा, मग मोजा — हा पहिल्या दिवसाचा धडा. यावरून मी सोळा जणांचे कान पिळलेत. आणि परवा मीच बघितलं नाही. का बघेन? जास्त यावं हेच तर मला हवं होतं.

२७ मे
पोरगी आत्याकडे निघून गेली. फोन बंद. चिठ्ठी ठेवलीय — पुन्हा कारखान्यात जाणार नाही, हे काम माझ्या हातचं नाही. मुलगा कपाळाला हात लावून बसलाय, वर्ष गेलं म्हणतो. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हीच समजवा ना तिला, तुमचं ऐकते ती."
मी मायक्रोमीटर पुन्हा फडक्यात गुंडाळला.

२८ मे
कारखान्यात गेलो. इस्त्रीचा सदरा घालून. मॅडम म्हणजे अंगाने एवढीशी, कोपरापर्यंत ग्रीस. मायक्रोमीटर तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. तिने कागदाच्या कपट्याने दोन्ही तोंडं पुसली, बंद केला. शून्य आलं. तो मलाच दाखवला.
मग म्हणाली की तिने पोरीला काढलेलं नाही. रागावली होती, पण दुसऱ्या दिवशी तिची वाट बघत होती. "मी शिकत होते तेव्हा माझे याच्या दुप्पट भंगारात गेले होते, आजोबा. सोमवारपर्यंत जागा ठेवते तिची. नंतर मलाही वर उत्तर द्यायचंय."
आभार मानायला हवे होते. परत येताना मनात एकच — ही बाई माझ्यापेक्षा चांगलं शिकवेल. आणि तेही सहन होईना!

२९ मे
बाळ, हे वहीला नाही, तुला लिहितोय. चार तारखेपासूनची पानं फाडून तुझ्या बापाच्या हाती देतोय. तो दुपारच्या बसने आत्याकडे निघालाय. सगळी वाच, मी जळलो तीही. चूक तुझ्या हातची नव्हती. घरात सगळ्यांना सांगून टाकलंय. सूनबाई माझ्याशी बोलत नाही, ते बरोबरच आहे. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण सोमवारी मॅडमकडे जातेस की नाही, एवढं लवकर कळव. बापाजवळ निरोप दे. नुसतं हो म्हटलंस तरी चालेल.