तुरटीचे हात

॥ श्री ॥
छावणी, औरंगाबाद
४ फेब्रुवारी १९६७

तीर्थरूप दादांच्या चरणी भानुमतीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

उमाचं लग्न वैशाखात ठरलं हे वाचून फार आनंद झाला. माझीही एक बातमी आहे, रागवाल हे धरूनच लिहिते. इथल्या महिला मंडळानं मोठ्या बायकांसाठी कापड छपाईचा वर्ग काढला आहे. बालवाडी सुटली की मी रोज जाते. तुम्ही देवगाव रंगारीचे, तेव्हा घरात एक रंगारीण निघाली तर गावाचं नाव राहील.

पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. लाकडी ठशानं कापडावर तुरटीचं पाणी छापायचं, मग कापड लाल रंगात बुडवायचं. तुरटी लागली असेल तिथंच रंग धरतो. छापून झाल्यावर बाकीच्यांनी हात धुतले. मला धीर कुठला? तशीच कापड घंगाळात दाबत बसले. हात मनगटापर्यंत असे लाल झाले की नव्या नवरीनं बघत राहावं. शिकवणाऱ्या सारजाबाई पोट धरून हसल्या. साबण झाला, लिंबू झालं, राख झाली, रंग काही हलेना. हे गेल्यापासून माझ्या हातांना रंग लागला नव्हता. खरं सांगते दादा, मला ते हात आवडले.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी लोभ राहू द्यावा.

आपली
भानू

देवगाव रंगारी
१५ फेब्रुवारी १९६७

चि. गं. भा. भानुमतीस दत्तोपंताचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी घरात वाचून दाखवले नाही. पण शेजारची सरूबाई तुला छावणीच्या बाजारात पाहून आली आणि बातमी गावभर झाली. व्याही जुन्या वळणाचे आहेत. विधवा बहिणीचे हात मेंदी काढल्यासारखे का, असे भर मांडवात कुणी विचारले तर मी काय सांगू? वर्ग आजपासून बंद कर. रंग गेला तर लग्नाला मोकळेपणी ये. न गेला तर आतल्या खोलीत बस, तुझ्या नावाच्या अक्षता आम्ही टाकू.

खोकला कमी आहे का? थंड पाणी पिऊ नकोस. तुझ्या भल्याचेच लिहितो.

दत्तोपंत

छावणी
२३ फेब्रुवारी १९६७

ती. दादांस सा. न. वि. वि.

माझ्या नावाच्या अक्षता तुम्ही टाकू नयेत. माझे हात शाबूत आहेत. वहिनी विषमज्वरानं अंथरुणाला खिळल्या तेव्हा उमाला न्हाऊमाखू याच हातांनी घातलं. तेव्हाही मी विधवाच होते आणि तेव्हा ते हात तुम्हाला चालले.

रंग फिकट होतो आहे, लग्नापर्यंत उरणार नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा तुरटी लावून हात घंगाळात घालणार आहे, या खेपेला समजूनउमजून. मांडवात पुढं बसेन आणि हातांवर पदर घेणार नाही. दारातून परत पाठवायचं असेल तर तुम्ही स्वतः उभं राहावं, सरूबाईला उभं करू नये. वर्ग मी सोडणार नाही.

खोकला बरा आहे. तुमच्यावर राग आहे आणि लोभही आहे, दोन्ही आहेत तसेच ठेवते.

भानू

देवगाव रंगारी
१२ मार्च १९६७

ती. आत्यास उमाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांच्या कोटाच्या खिशात आईला सापडलं. तिनं वाचलं, रडली आणि मला दिलं. मी बाबांना सांगितलं की अंतरपाट आत्यानं छापलेला हवा, नाहीतर मी पाटावर उभीच राहणार नाही. विधवेच्या हातचा अंतरपाट कधी ऐकला नाही, असं म्हणाले. मी म्हटलं, आता ऐका. नवऱ्या मुलालाही पत्र टाकलं. अंतरपाटापलीकडे मीच उभी असले म्हणजे त्याला पुरे, असं त्याचं उत्तर आलं आहे. मुलगा बरा दिसतो.

बाबा चार दिवस जेवणापुरतेच घरात आले. काल कन्नडहून पांढरं कापड घेऊन आले, आईपुढं ठेवलं आणि म्हणाले, "भानूला कळवा, स्वस्तिक मधोमध पाहिजे."

कापड बद्रीनाथकाकांबरोबर पाठवते आहे. अंतरपाट दूर झाला की समोर तू दिसली पाहिजेस. छापून झालं की हात मात्र धुऊ नकोस.

तुझीच
उमा