गेंड्याचं दार

कोल्हापूर, उद्यमनगर
ता. २८ जानेवारी १९७९

चि. ख्वाजा,

दुवा. हितं सगळी बरी हाईत, तितं तू बी असशील. झालं लिव्हून, आता कामाचं.

तू कागूद घालतोस ते अम्मीच्या नावानं. मला घालत न्हाईस. अकरा वर्सं झाली, मी बी इचारलं न्हाय. पर परवा जुलेखा बिद्रीस्नं म्हायेरला आलीया, तिच्याकडनं तुझी अम्मी तुझा कागूद वाचून घेत हुती आन मी सोप्यात च्या पीत बसलोतो. तू लिवलंयस, नवी चिलखती गाडी तयार झालीया, तिच्या चाचणीला पलटणीतली धा माणसं निवडली आन त्यात तुझं नाव हाय. अम्मी म्हणाली, पोरगं मोठं झालं. माझा च्या मांडीवर सांडला.

ख्वाजा, ती गाडी मी केलीया.

लोखंडाची न्हवं. लाकडाची. दीड वर्सामागं आमचा मालक बाळासो एका लष्करी साहेबाला घिऊन आला. संगट नकाशाच्या ह्या येवढ्या गुंडाळ्या. साहेब म्हणाला, मिस्त्री, अशी गाडी आपल्याकडं अजून न्हाय. खाली रणगाड्यासारखी साखळी, वर तोफ, भोवतीनं चार बोटं जाड पोलाद, आन पोटात धा जवान. शत्रूच्या दारात जायाचं, मागचं दार उघडायचं, धाच्या धा भाईर. साहेबानं इंग्रजी नाव ठिवलंतं, ते माझ्या जिभंवर बसंना. कारखान्यात समदी गेंडाच म्हणत्यात.

आधी आमी साखळीच्या चाकांचे पॅटर्न केले, वाळूत साचा उठवायचे लाकडी नमुने. मग साहेब म्हणाला, आता अख्खी गाडी लाकडात उभी करा, खरी हाय तेवढीच. आत माणसं बसवून बघायचीत. चार म्हैनं मी त्याच्यावर मरत हुतो. साहेब रोज इचारायचा, मिस्त्री, बाक हितं बसवू का तितं? पाय कुठं जात्याल? मी आत बसायचो आन सांगायचो. बाक मी चार बोटं खाली घेतला. दाराची कडी मी सांगितली, वर ढकलायची, म्हंजे घाबरलेल्या माणसाला बी घावंल. चौथी शिकलेल्या माणसाचं त्यो साहेब ऐकायचा. मला बी ते आवडत हुतं, खोटं कशाला बोलू.

दार कागदावर सव्वीस इंच रुंद हुतं. जवान आले, पाठीवर ओझं, हातात बंदूक. शिट्टी वाजली, बारा सेकंदात धा जण भाईर. साहेब म्हणाला, हे तर लई सैल हाय, भोक जेवढं ल्हान तेवढी गोळी कमी, चोवीस करू या का? मी म्हटलं, करा की. चोवीसचं केलं. चौदा सेकंदात भाईर. साहेबानं माझी पाठ थोपटली, बाळासोनं पेढं वाटलं. कागदावर सह्या झाल्या आन नकाशा पोलादाच्या कारखान्याला गेला.

आता सांगतो ते कर. पाठीवर, कमरंला समदं सामान बांध, भिताडाला टेकून उभा ऱ्हा. ह्या दंडास्नं त्या दंडापतोर, बगलंतल्या पिशव्या धरून, किती भरतंय ते दोस्ताकडनं मापून घे. पट्टीनं. अंदाज नको. ताबडतोब कळव. का ते इचारू नको.

इमाम मिस्त्री


ता. ११ फेब्रुवारी

चि. ख्वाजा,

तुझं कार्ड आलं. "चोवीस इंच दोन सूत. का इचारताय? चाचणी दोन मार्चला. हुकूम हाय, बसायचं." येवढंच. पर सूत लिवलंयस. पलटणीत अकरा वर्सं काढून बी दोन सूत म्हणाय इसरला न्हाईस. ते कार्ड मी खिशात घिऊन हिंडतोय.

आता ऐक. लाकडी गेंडा आमच्या शेडमागं ताडपदरीखाली पडून हुता. मी ताडपदरी काढली आन दार मापलं. साडेचोवीस भरलं. परत मापलं. साडेचोवीसच. उंची चार फूट पायजे, ती चार फूट एक इंच. तितंच एका फळीवर बसलो.

लाकूड जास्त का भरलं ते आत्ता इचारू नको. भरलं. पोलादाचं दार मात्र नकाशापरमानं चोवीसच असणार. तू चोवीस दोन सूत. तुझ्याहून थोराड गडी बी असणार त्या धात.

मी दाराच्या दोन्ही अंगाला दोन-दोन सुताच्या, पाव-पाव इंचाच्या, पट्ट्या मारल्या, वर एक इंचाची मारली. झालं पोलादाच्या मापाचं दार. मग केरबाला हाक मारली. भट्टीवरचा केरबा, तू बगितलंयस, बैलागत हाय. त्याच्या पाठीवर वाळूचं पोतं बांधलं, कमरंला दोन पिशव्या, आन म्हटलं, आत जा. तो सावकाश, तिरका हून, पोतं आधी ढकलून गेला की आत. आत जाताना कुणालाच कळत न्हाय बघ. माणूस दमानं जातोय. मी बी त्याच्या मागनं आत शिरलो. आतनं बघायचं हुतं मला. जेवणाची सुट्टी हुती, गडी भोवतीनं जमली. मी वरची झाकणं लावून घेतली आन वरडलो, केरबा, आग लागलीया, पळ!

केरबा पळाला आन दारात बसला. पोतं वर अडकलं, पिशव्या दोन्ही अंगाला. भाईर गडी हसायला लागली. एकजण म्हणतोय, केरबा, जोतिबाचा डोंगर चार येळा चढ, पोट उतरंल. दुसरा म्हणतोय, बायकूला सांग एक भाकरी कमी थाप म्हणावं. केरबा बी हसतोय. मागं सरकाय जागा न्हाय, म्होरं जात न्हाय. आन मी त्याच्या पाठीमागं, अंधारात. त्याच्या पाठीनं समदा उजेड बंद केलता. मी कडी वर ढकलतोय. दार उघडंच हाय, तरी कडी ढकलतोय. केरबाच्या पाठीवर मी बुक्क्या मारल्या, ख्वाजा. दातानं पोत्याची दोरी तोडाय बगितलं. माझ्या तोंडातनं जनावरागत आवाज आला. भाईर हसू थांबलं.

लाकडाच्या गाडीत, भर दुपारी, माणसांच्या गराड्यात. आग नसताना. मला भाईर वढलं तवा माझं धोतर भिजलंतं. केरबानं त्याचा टावेल दिला.

तुमच्या चाचणीत आत धूर सोडणार म्हणून लिवलंतंस अम्मीला.

तू आत बसू नको. पोट दुखतंय म्हण, ताप आलाय म्हण. तुझी अम्मी रोज इचारतीया, तुमास्नी झालंय काय. मी सांगितलं न्हाय. तू बी काय लिवू नको तिला. फकस्त बसू नको.

इमाम मिस्त्री


ता. २६ फेब्रुवारी

ख्वाजा बाळा,

तुझा कागूद शनवारी आला. तू लिवलंयस, "मी पोट दुखतंय म्हणून बसलो न्हाय, तर माझ्या जागंवर दुसरा बसंल. त्याचा बी बाप असंल. मला कारण पायजे, अब्बा. कारणाशिवाय मी साहेबाला काय सांगू?"

बरोबर हाय. दोन दीस झालं, लिवतोय आन फाडतोय. आता एकदाच लिवतो. हा कागूद तुझ्या साहेबानं बी वाचायचा हाय, म्हणून तुला ठावं असलेलं बी लिवतो.

वितळलेलं पोलाद वाळूच्या साच्यात थंड झालं की आटतंय. म्हणून पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रीकडं दोन पट्ट्या असत्यात. एक साधी, बाजारात मिळती ती. दुसरी आटाची. तिच्यावर फूट लिवलेला असतोय, पर ती मुद्दाम फुटाला दोन सूत लांब असती. त्या पट्टीनं पॅटर्न केला की आटून खरं माप येतंय. गेंड्याची चाकं वतायची हुती, म्हणून ती मी आटाच्या पट्टीनं केली. ती बरोबर आली. पर गाडी वतायची न्हवती. ती पत्रा कापून, जोड मारून व्हायची. पत्रा आटत न्हाय. लाकडी गेंडा साध्या पट्टीनं करायचा हुता. मी आटाचीच पट्टी हातात धरली आन चार म्हैनं धरून बसलो.

म्हणून दोन फुटाचं दार चार सूत वाढलं. साहेबाचे जवान त्या चार सुतातनं भाईर पडले. त्या चार सुताच्या जोरावर साहेबानं सव्वीसचं चोवीस केलं आन मी म्हटलं, करा की.

आता ते बी लिवतो जे मी अकरा वर्सं बोललो न्हाय. तू सतरा वर्साचा हुतास. पंपाच्या बॉडीचा पॅटर्न तुला दिलता आन तू आटाच्या जागी साधी पट्टी घेतलीस. साठ नग वाया गेले. मी त्याच पट्टीनं तुला अख्ख्या शेडफुडं मारलं. हातावर, बोटांवर, पट्टी मोडंस्तोवर. तू रडला न्हाईस, त्येचा मला जास्तच राग आला. म्हटलं, ज्याला पट्टी वळखता येत न्हाय त्यानं बापाचं नाव लावू नये. आठ दिसांनी तू बेळगावला जाऊन भरती झालास. तुझं डाव्या हाताचं बोट वाकडं झालं हे मला अम्मीनं सांगितलं. मी इचारलं न्हाय.

तुझ्यामुळं साठ नग गेले. माझ्यामुळं धा माणसं जात्याल. मला कोण मारणार? शेडमधी तर अजून समदी मिस्त्री मिस्त्री करत्यात.

पंधरा दिसांमागं, केरबा अडकला त्याच दिशी, मला समदं कळलंतं. तवाच लिवाय पायजे हुतं. भ्यालो. तुरुंगाला भ्यालो, बाळासोच्या कारखान्याचं काम जाईल म्हणून भ्यालो. पर खरं सांगू, सगळ्यात जास्त भ्यालो ते तू हसशील म्हणून. तुला पोट दुखतंय म्हणाय शिकवलं, आन बाकीच्या नऊ जणांचा इचार सुदीक केला न्हाय. तुझा कागूद वाचून लाज वाटली.

काल बाळासोला सांगितलं. ऐतवार हुता, त्याच्या घरला गेलतो. तो म्हणाला, "मिस्त्री, अर्ध्या इंचापाय गेंड्याला परत आयशीच्या पोटात घालायचा व्हय? त्यांच्याकडं मोठी मोठी इंजिनेर हाईत, त्येनी बगितलं नसंल?"

मी म्हटलं, "इंजिनेरांनी माझ्या लाकडावर इस्वास ठिवलाय."

"मग गप ऱ्हावा. नडलं तर नकाशा त्यांचा."

"आत माझा पोरगा हाय, मालक."

तो म्हणाला, "मला तुमी हे सांगितलंच न्हाय, असं समजू." आन देवाला हात जोडाय आत गेला.

आज सकाळी लष्करी साहेबाला तार केली. "दाराचे माप चुकले, चाचणी थांबवा, इमाम." तारवाल्यानं दोनदा वर बगितलं. तो साहेब दिल्लीला गेलाय म्हणत्यात, तार कुणाच्या हातात पडंल अल्लाला ठावं. म्हणून हा कागूद रजिस्टर करतोय. पलटणीत कागूद फोडून वाचत असतील तर वाचू देत, तेवढं बरंच.

कागूद मिळाल्या मिळाल्या तुमच्या साहेबाकडं जा. माझं नाव झाकू नको, म्हाताऱ्याची चूक म्हणून संभाळून घ्या असलं बी बोलू नको. सांग, एक साधी पट्टी घिऊन दार मापा, चोवीस भरंल. मग धापैकी सगळ्यात थोराड गडी सामानासकट दारातनं पळवून बघा, धूर नको, झाकणं उघडी ठिवून. येवढंच. त्याला अर्धा तास बी लागणार न्हाय.

ऐकलं न्हाय तर? रात-दीस हेच डोस्क्यात हाय. हुकूम म्हणून तू बसशील, तुला मी वळखतो. बसलासच तर दाराजवळ बस, आन शिट्टी झाली की आधी पाठीवरचं सोड. समद्यांस्नी सांग, आधी पाठीवरचं सोडा. बंदूक गेली तर जाऊ दे.

उद्या सकाळच्या गाडीनं मी निघतोय. अम्मीला आज समदं सांगितलं. ती भाकऱ्या बांधाय बसली. पुण्यात गाडी बदलायची, म्होरं इचारत इचारत येतो. आटाची पट्टी आन साधी पट्टी दोन्ही बरोबर घेतल्यात, साहेबाफुडं एकीवर एक ठिवून दाखवतो. म्हणतील तर मीच पाठीवर ओझं बांधून आत बसतो, लावा म्हणंन झाकणं. मला किती भ्या वाटतंय ते तुला लिवलंच हाय वर. तरी बसंन.

छावणीच्या फाटकावर मला अडवतील. तू त्या दिशी कुठं असशील मला ठावं न्हाय. धूर सोडायच्या आधी एकदा मान वळवून बघ. पांढरी टोपी घातलेला म्हातारा शिपायांशी भांडताना दिसला तर तो मीच. जवळ येऊन सलाम कराय नको, रुसून बसाय नको. आधी भाईर ये.

माप चुकलेला,
तुझा अब्बा