पाचही फेऱ्या सारख्या

६ सप्टेंबर, रविवार
विहारात मीटिंग. १६ ऑक्टोबरला आम्ही माजरी कॉलनीवाले दरवर्षीप्रमाणे विजासन लेणीपासून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत सायकलने जाणार. गेल्या वर्षी रांग फुटली. काही जण पुढे, म्हातारे मागे, आणि माझे सासरे रामाजी रस्त्यात एकटेच. पुढे कोण पळालं होतं हे माझ्या बायकोने, सत्यशीलेने, सगळ्यांसमोर सांगायची काही गरज नव्हती. त्या दिवशी वारा पाठीमागून होता.

यंदाचा ठराव: पंचशील ध्वजाची एकच सायकल पुढे, तिला कोणी ओलांडायचं नाही, आणि दीक्षाभूमीत सगळ्यांनी एकत्र शिरायचं. ध्वज कोणाला, हे जिमवाला नागसेन टेस्ट घेऊन ठरवणार. जिमच्या सायकलवर तीन मिनिटं जोर, दोन मिनिटं हळू, असं पाचदा. स्क्रीनवर पायांचा जोर वॉटमध्ये दिसतो. जास्त वॉट काढणारा नाही, पाचही फेऱ्यांत सारखे वॉट काढणारा जिंकणार.

मनातल्या मनात हसलो. समतोल हा तर माझा स्वभावच. रामाजी वर्षभर माझ्याशी फक्त हवामानावर बोलतात. मला ध्वजासोबत बघितलं की बोलतील सगळं.

९ सप्टेंबर
नागसेनकडची एक जुनी सायकल घरी आणली. हॉलमध्ये ठेवली. उकाड्यात वॉट वाया जातात, म्हणून गच्चीवर नेऊन ठेवलेला कूलर परत खाली, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या, तोंड थेट सायकलकडे. मुलगी करिश्मा म्हणाली, सोफ्यावर हवाच येत नाही. तिला त्यागाचं महत्त्व समजावलं.

१० सप्टेंबर, सकाळी
पहिली फेरी: अडीचशे वॉट! सायकल हादरली.
दुसरी: बरी.
तिसरी: कूलरचं पाणी संपलं.
चौथी: स्क्रीन बिघडला. नव्वद दाखवतो.
पाचवी केली नाही. मुद्दा चौथीतच लक्षात आला होता.

१४ सप्टेंबर
नागसेनला फोन. त्याचं म्हणणं, पहिली फेरी सोपी वाटली पाहिजे, हात राखून चालवा. नवशिक्यांसाठी ठीक आहे. माझं गणित वेगळं. सुरुवातीला जास्त काढून ठेवायचे, नंतर कमी पडले तरी सरासरी निघते. सरासरी म्हणजेच सारखं. त्याला समजावलं. "बरं बरं" म्हणून त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

२१ सप्टेंबर
पहिली फेरी २६०. प्रगती!! नंतर फरशीवर आडवा झालो. हा रिकव्हरीचा भाग. करिश्मा मला ओलांडून कूलरमध्ये पाणी टाकायला गेली. पोरीला आता विषयाची गोडी लागते आहे.

२६ सप्टेंबर
ड्युटीवरून लवकर आलो. बघतो तर सायकलवर सत्यशीला. पाय चालू, फोनवर बहिणीशी बोलणं चालू. विचारलं तर म्हणे, "वारा इथीच येते तर बसू कुठी?" रोज दुपारी इथेच बसते म्हणे. बसो बिचारी. स्क्रीनवर १२० होते. चहा करून आणला, प्यालो, तरी १२०. स्क्रीन अडकला आहे. नागसेनला सांगायला हवं.

४ ऑक्टोबर, रविवार
रामाजी आले. मुद्दाम त्यांच्यासमोर पहिली फेरी मारली. जीव तोडून. बघत राहिले, मग शांतपणे विचारलं, "जवाई, वाघ लागला का मांगं?" वर्षभरात पहिल्यांदाच हवामान सोडून बोलले! प्लॅन काम करतोय. बाकीच्या चार फेऱ्या ते गेल्यावर करायचं ठरवलं. ते जेवायला थांबले, त्यामुळे राहून गेल्या.

११ ऑक्टोबर, रविवार
टेस्ट. हात राखून सुरू करायचं जवळजवळ नक्की केलं होतं. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर राखून ठेवणं मला असभ्य वाटतं. पहिली फेरी २७०. जिममध्ये शांतता पसरली. पाचव्या फेरीतही शांतता होती, पण वेगळी. नागसेनने मला हाताला धरून उतरवलं.

मग गंमत म्हणून बायकांनी सत्यशीलेला बसवलं. ती शेजारच्या इंदुताईशी बोलत बोलत चालवत होती. १२०, १२१, १२०, १२०, ११९. मी लगेच स्क्रीन अडकल्याची तक्रार केली. नागसेनने मशीन तपासली. अडकलेली नाही.

ध्वज तिला. रामाजी लेकीकडे बघून इतके हसले की डोळे पुसावे लागले. मला वाईट वाटलं, लिहून टाकतो, फार वाईट वाटलं.

मला शेवटचं स्थान दिलं आहे. माझ्या मागे कोणी राहता कामा नये. विचार केल्यावर कळतं की खरी जबाबदारी हीच. अख्खी रांग माझ्या नजरेखाली.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळी
घोडपेठपर्यंत उत्कृष्ट. सगळे पांढऱ्या कपड्यांत, एका चालीत. रामाजी माझ्या पुढेच.

मग वाटलं, मागे सगळं ठीक आहे हे सत्यशीलेला कळवावं. फक्त कळवून परत यायचं. एका दमात सगळ्यांना ओलांडलं. लोक बघत होते. ती मान न वळवता म्हणाली, "मंग मांगं कोण आहे?"

परत वळायला गेलो आणि पाय संपले. रस्त्याच्या कडेला बसलो. सगळी रांग माझ्यासमोरून सारख्या चालीने गेली. करिश्माने हात हलवला. मी मजेत बसलोय असं तिला वाटलं. शेवटी रामाजी आले, उतरले. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

"बसा जवाई. मी आहो," म्हणाले आणि शेजारी बसले. किती वेळ ते लिहीत नाही. नंतरही माझ्याच चालीने आले.

दीक्षाभूमीच्या दारात सगळे उन्हात उभे. एकत्र शिरायचं ठरलं होतं, म्हणून कोणीच आत गेलं नव्हतं. सत्यशीलेने विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आत रामाजी म्हणाले, "माह्याच्यानं उशीर झाला. पाय थकले माहे."

त्यांना सावलीत बसवलं, कोणी पाणी दिलं, कोणी वारा घातला. सत्यशीला माझ्याकडे बघत राहिली.

मी मान डोलावली. म्हटलं, वय झालं आता त्यांचं.