बालकाचे मत, स्वतःच्या अक्षरात

प्रिय भिंगरी,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू "बरं, बरं" म्हणत मला वाटेला लावतेस. कागदाला तसं लावता येत नाही. शिवाय बातमी मोठी आहे. मंगळवारी आमचा नियम मंजूर झाला! ज्याच्यासाठी तुझ्या आईने तीन वर्षं अख्ख्या खात्याचं डोकं खाल्लं, तोच.

माझं काम म्हणजे कागदी घोडे नाचवणं, असं तू म्हणतेस, आणि ते अगदीच खोटं नाही. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपल्या सरकारने सही केली तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. सही करणं सोपं असतं. मग दर काही वर्षांनी परदेशातल्या समितीला अहवाल द्यावा लागतो, की कबूल केलेलं आम्ही कुठवर आणलंय. तो अहवाल मी लिहिते. करारात एक कलम आहे: मुलाच्या आयुष्याचं काही ठरवताना त्या मुलालाही विचारायला हवं. आईवडील वेगळे होताना मूल कोणाकडे राहणार, हे ठरवताना तर हवंच. त्यासाठी कोर्टाच्या अर्जात ‘बालकाचे मत’ असा एक चौकोन आहे. मागच्या अहवालात मी त्या कलमापुढे मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, ‘अंमलबजावणी पूर्ण’.

समितीने उलट एकच प्रश्न पाठवला: मुलाला हे विचारतं कोण? आमचे सचिव म्हणाले, कोर्ट विचारतं असं लिहून टाका. मी लिहिणारही होते. पण या खेपेला अहवालाआधी मुलांचीही बैठक घ्यायची होती. तिथे अकरा वर्षांची एक मुलगी आली होती, जाड चष्मा, केसांत खोचलेली पेन्सिल. चहाच्या सुट्टीपर्यंत आम्ही सगळे तिला ‘इन्स्पेक्टर’ म्हणायला लागलो होतो. तिने नमुन्यादाखल ठेवलेले अर्ज एकेक करून चाळले आणि म्हणाली, "पण ही सगळी अक्षरं तर मोठ्या माणसांची आहेत." खोलीत आम्ही सात अधिकारी होतो. सातही जणांनी पुढ्यातले अर्ज पुन्हा उचलले. इतकी वर्षं आम्ही चौकोन भरलाय की रिकामा, एवढंच तपासत होतो. चौकोनाखाली ‘पालकाची सही’ अशी ओळ होती, आणि सही करता करता पालक वरचा चौकोनही भरून मोकळे होत होते. घोडं तिथे पेंड खात होतं.

मग मी दोनशे जुन्या फायली मागवल्या. नावांवर पांढरी पट्टी चिकटवलेली, फक्त चौकोन बघायचा. एकशे त्र्याऐंशी अर्ज आईच्या, वडिलांच्या नाहीतर वकिलाच्या अक्षरात निघाले. त्यातल्या एका अर्जावर पट्टीखालचं नाव वाचायची मला गरज पडली नाही. ‘मुलीला आईजवळच राहायचे आहे.’ निळी शाई, आणि माझ्या वेलांटीची ती लांब शेपटी, जिला तू लहानपणी हसायचीस.

तू नऊ वर्षांची होतीस. मी तो अर्ज स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरला आणि तू समोरच बसून रंगीत पेन्सिलींना टोक काढत होतीस. हात पुढे केला असता तर लागली असतीस, इतक्या जवळ. मी विचारलं नाही. मला तुझं उत्तर माहीत आहे, असं मी धरून चालले होते. खरं सांगू? ते माहीत नव्हतं म्हणूनच विचारलं नाही.

रेकॉर्ड रूमचे काका मला पंचवीस वर्षं ओळखतात. माझा चेहरा बघून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, ही ठेवून दुसरी देऊ का? दोनशेच तर हव्यात." मी नको म्हटलं. दिव्याखाली अंधार आहे म्हणून दिवा सरकवला, तर अंधारही सोबत सरकतो. दुसऱ्या दिवशी सचिवांना ती फाइल कोणाची आहे तेही सांगितलं.  ते म्हणाले, पण मुलं काय, जो लाड करेल त्याच्याकडे जाईन म्हणतील. मी म्हटलं, साहेब, निर्णय न्यायाधीशच घेतील, मुलाचं म्हणणं शेवटचं मानायचं असं नाहीच. पण न विचारता त्याचं उत्तर लिहायचा हक्क कोणालाही नाही. मलाही नव्हता. त्यांनी सही केली.

आता पुढच्या महिन्यापासून मुलाला वेगळ्या खोलीत, आईवडिलांना बाहेर बसवून, शिकवून तयार केलेलं माणूस विचारणार. मुलाने स्वतः लिहायचं, नाहीतर चित्र काढायचं. ‘अजून ठरलं नाही’ हेही उत्तर चालणार. ती सूचना इन्स्पेक्टरची. मला या नियमाचा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

एक गोष्ट मात्र फाइलमध्ये नाही. बाबा सामान न्यायला आले त्या दिवशी दाराशी तुझे बूट, रेनकोट आणि कंपासपेटी ओळीने मांडून ठेवलेली होती. मी म्हणाले, पसारा उचल गं. तू गुपचूप उचललास. पंधरा वर्षं मी त्याला पसाराच समजत होते.

म्हणून हे पत्र. सोबत नवा कोरा अर्ज ठेवलाय. आता तू चोवीस वर्षांची आहेस, कोर्टाला त्याचा काही उपयोग नाही; मला आहे. त्या नऊ वर्षांच्या मुलीला काय हवं होतं, ते तिच्या वतीने लिही. ‘बाबा’ लिहिलंस तरी मी मोडून पडणार नाही, तुझी आई कशी चिवट आहे तुला माहीत आहे. माफी मागायची आहे, ती तू समोर आलीस की मागेन. चौकोन मोठा ठेवलाय, हवं तेवढं लिही. खाली पालकाच्या सहीची ओळ शोधू नकोस. ती मी काढून टाकलीय.

तुझीच, या वेळी फक्त ऐकणारी,
आई