शिवानीचं चार दिवसांचं औषध

आगरदांडा,
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. तुळशीवन्सं,

नमस्कार. दिघीला तुम्ही सगळे बरे असाल. इकडे आम्ही मजेत. यंदा वालाला शेंग चांगली धरलीय. काल यांनी मडक्यात पोपटी लावली, तर शिवानीनं दोन अंडी आणि मूठभर शेंगा संपवल्या. दुसरीत गेलीय आता, पाढे माझ्यापेक्षा जोरात म्हणते. आठ महिन्यांत एकदाही आकडी आली नाही.

फोनच केला असता. पण मे महिन्यापासून तुम्ही माझा फोन घेत नाही, आणि घेतलात तरी हे तोंडानं बोलायला मला जमणार नाही.

त्या दिवशी तुम्ही शिवानीला सुट्टीसाठी दिघीला न्यायला आलात. जेट्टीवर बोटीची वाट बघताना तिला आकडी आली. मी धावत आले तेव्हा तुम्ही तिला कुशीवर वळवून डोकं मांडीवर घेतलं होतं. सगळं बरोबर केलं होतंत. आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "पोर सांभाळता येत न्हाय तर उन्हात उपाशी नेता कशाला?" तुम्ही पदरानं तिचं तोंड पुसत राहिलात.

वन्सं, त्याआधीचे चार दिवस मी तिला औषध दिलंच नव्हतं.

खोक्यातला कागद मोबाईलवर मराठीत वाचला होता. लहान मुलांचं लिव्हर निकामी होऊ शकतं, असं त्यात होतं. माझ्या बाबांचं पोट शेवटी कसं फुगलं होतं ते मी पाहिलंय. हात धजावेना. यांना कळू नये म्हणून रोजचा डोस मोरीत ओतायचे.

अलिबागला डॉक्टरांनी विचारलं, "औषध चुकलं होतं का?" मी नाही म्हटलं. "मग डोस वाढवावा लागेल," म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली. दारापर्यंत आले. माझ्या खोट्यापायी पोरीच्या पोटात नको इतकं औषध जाणार होतं. परत फिरले आणि सांगून टाकलं.

रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, भीती वाटली ती चूक नाही. मला न विचारता एकदम बंद केलंत, त्यानं आकडी आली." लिव्हरला धोका असतो, पण क्वचित, जास्त तो अगदी तान्ह्या मुलांना आणि दोन-तीन औषधं एकदम घेणाऱ्यांना, असं समजावलं. रक्त तपासलं, त्यात लिव्हरचं माप थोडं वाढलेलं निघालं. "पुष्कळ मुलांचं वाढतं, लक्ष ठेवू," म्हणाले. डोस आहे तोच ठेवला. उलट्या, सुस्ती, जेवण टाकणं, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी आणायचं.

गणपतीत तिनं दोनदा उलटी केली. मी आरती अर्धी टाकून तिला घेऊन अलिबाग गाठलं. रिपोर्ट चांगला आला; आमच्या बाईसाहेबांनी सात मोदक खाल्ले होते! डॉक्टरसुद्धा हसले. दिवाळीनंतरचा रिपोर्टही स्वच्छ आहे. आता डोस मीच मोजून देते आणि ती गिळेपर्यंत समोर बसते.

डॉक्टरांना सांगितलं ते त्याच दिवशी. घरात मात्र आठ महिने गप्प राहिले. तुमच्या भावाला चूक तुमचीच वाटत होती आणि मी ती वाटू दिली. परवा त्यांना सांगितलं. बराच वेळ वालाच्या शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "ताईला सांग. माझ्या तोंडून न्हाय, तुझ्या."

सव्वीस तारखेला शाळेत शिवानीचा नाच आहे. "आत्या येईल?" असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, मी चूक केलीय, आत्याला विचारावं लागेल. विचारतेय.

मला माफ नाही केलंत तरी या. पोरीचा आणि भावाचा यात काही दोष नाही.

पत्राखाली 'तुमचीच' लिहायचा धीर होत नाही. ते तुम्ही म्हणाल तेव्हा.

रुचिका