पुसलेली सहा मिनिटे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, व्यवसाय चित्रपट व दूरचित्रवाणी मालिकांची निर्मिती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवीत आहे. दडपण आणण्याचे काम आयुष्यभर माझेच होते, त्यामुळे ते मला लगेच ओळखता येते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. छातीबद्दल त्यांना तेवढी खात्री नाही, म्हणून ही घाई. यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन्ही मी रागाच्या भरात केली होती.

१. माझे लग्न झालेले नाही. एकदा ठरले होते, पण नेमक्या त्याच तारखेला स्टुडिओ मिळाला. मला एक थोरली बहीण आहे. तिला या कागदात ताई म्हटले आहे. ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, चित्रपटांचे संकलन करते. बाकी माझी माणसे म्हणजे कामातली माणसे.

२. एकतीस मालिका आणि नऊ चित्रपट यांचे सर्व हक्क भाचीला. "आजच्या प्रेक्षकाला धीर नसतो" असे म्हणून तिने त्यांना कात्री लावू नये. चौथा चित्रपट मात्र खुशाल कापावा, तो मलाही कंटाळवाणा वाटतो. बँकेतली शिल्लक युनिटमधल्या माणसांच्या औषधपाण्याच्या निधीला.

३. माझे स्टॉपवॉच कॅमेरामन "अर्धा इंच" यांना. चाळीस वर्षे ते प्रत्येक नटाला "अर्धा इंच डावीकडे" एवढेच सांगत आले आणि दर वेळी त्यांचेच बरोबर निघाले.

४. वाहिनीचे माजी प्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे टायवाले म्हणत असू, त्यांना माझ्या कचेरीतली एक पाय आखूड असलेली खुर्ची. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारले, "निर्माते कधी येणार?" मी म्हटले, "आलेत. तुम्ही बसायला सांगितलं नाही म्हणून उभे आहेत." पुढे ते माझ्याकडे येऊ लागले तेव्हा ही खुर्ची मी खास त्यांच्यासाठी काढत असे. आता ती कायमची त्यांची.

५. ही मालमत्ता नव्हे, पण नोंद असावी. सुतार आठ दिवसांत मोकळ्या मैदानावर अख्खी गल्ली उभी करत. दारांच्या मागे घरे नाहीत हे मला माहीत असे, तरी त्या गल्लीतून जाताना टकटक करायला माझा हात उचलला गेलेला आहे. एका शब्दासरशी दोनशे माणसे गप्प होत, आणि सकाळी चहा गार म्हणून माझ्याशी भांडलेली बाई त्यांच्या मधोमध कोणाची तरी आई होऊन उभी असे. बाहेर मी खमकी म्हणून प्रसिद्ध. खरे तर मी इतकी वर्षे तोंडात बोट घालून उभी होते. हे नवल मला फुकट पाहायला मिळाले, याबद्दल मी कोणाची ऋणी आहे ते मला ठाऊक नाही.

६. माझे राहते घर ताईला. कारण लिहिणे भाग आहे.

निर्माती म्हणून माझी पहिली मालिका चालू होती तेव्हा ताई दूरचित्रवाणी केंद्रात कपडेपटाचे शिवणकाम करायची. एका भागात वारलेल्या पोस्टमनची बायको त्याचा गणवेश कचेरीत परत करायला जाते, असा प्रसंग होता. नटीची दाढ सुजली. तिचे कपडे अंगाला बसतील अशी एकच बाई इमारतीत होती. मी ताईला अक्षरशः ओढत आणले.

संहितेत लिहिले होते, बाई हमसून हमसून रडते. ताईने कोट टेबलावर ठेवला. कारकून झालेल्या नटाने वाक्य म्हटले, "पाचही बटणं आहेत ना?" ताईने पाहिले. खालचे बटण दोऱ्यावर लोंबत होते. ही खरोखरची हयगय होती, तिच्याच खात्याची. तिने शिवणकामाच्या सवयीने पदराला टोचून ठेवलेली, दोरा ओवलेली सुई काढली आणि कॅमेऱ्यासमोर उभ्या उभ्या बटण शिवायला घेतले. डोळ्यांतून टिपूस नाही. तिने दोऱ्याचे वेढे आवळले, दोरा दातांनी तोडला आणि बटणावर अंगठा फिरवून पाहिला. मग वरपासून खालपर्यंत पाचही बटणे लावली, जणू आत माणूस आहे आणि त्याला कामावर जायला उशीर होतोय. मग कोट पुढे सरकवला.

सहा मिनिटे. दिग्दर्शकाला थांबवायचे सुचले नाही. शिडीवरचा दिवेवाला खाली उतरून नुसता उभा राहिला. अर्धा इंच यांनी तिला कुठेही सरकायला सांगितले नाही. प्रसंग संपल्यावर मी बाहेर जाऊन भिंतीला टेकले. ही माझी बहीण होती. आदल्याच दिवशी इस्त्रीवरून मी तिला नाही नाही ते बोलले होते. त्यानंतर मी जे काही काढले ते त्या सहा मिनिटांच्या जवळपास जाण्यासाठी, आणि मला ते जमले नाही.

तो भाग एकदाच दाखवला गेला. ताई त्या दिवशी तापाने फणफणली होती, तिने पाहिला नाही. टेप तेव्हा मोजक्या. कोणत्या पुसून पुन्हा वापरायच्या, त्याची यादी दरमहा निर्मातीने द्यायची. मी डब्यावरची नावे न वाचता वरच्या सहा टेपांवर खुणा केल्या आणि सही ठोकली. काही दिवसांनी ताई केस नीट विंचरून, "माझं मला एकदा बघायचंय गं" म्हणत आली. मी टेप लावली. पडद्यावर दातांच्या निगेवर चर्चा चालू होती. तीही मीच काढलेली.

ताईने विचारले, "हे कुणी केलं?" मी म्हटले, "टेपांच्या भांडारातल्या माणसाने घोळ घातला."

माझी यादी त्या माणसाकडेच होती. त्याने ती कधी बाहेर काढली नाही. तो निवृत्त होईपर्यंत ताई त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. आता तो नाही, त्याची माफी मागायची राहून गेली. ताई पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही.

चाळीस वर्षे मला हे सांगता आले नाही. मी गेल्यावर ताईला कळेल आणि ती काय म्हणेल ते ऐकायला मी नसेन, असा माझा बेत आहे. हा भित्रेपणा आहे, हे कबूल.

७. पुढचा मजकूर आज वकिलांच्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

जिना चढायला आधार म्हणून ताई सोबत आली. तिला मी बाहेरच्या बाकावर बसवले होते. वकिलांना कमी ऐकू येते, म्हणून ते वाचतातही ओरडून. सहावे कलम त्यांनी अख्ख्या मजल्याला ऐकवले.

ताई दारात येऊन उभी राहिली. "तूच होतीस?"

"हो ताई."

"आणि मी त्या बिचाऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही." ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "कशी दिसत होते गं मी?"

मी सांगितले. उजेड कुठून येत होता, मान किती झुकली होती, सुई कितव्यांदा वर आली तेव्हा ओठ आवळले, सगळे. सहा मिनिटांना बराच वेळ लागला. टंकलेखिकेने हात थांबवला होता. ताई स्वतःचा अंगठा निरखत होती.

मग म्हणाली, "घर नको मला. घेतलं तर उद्या तुलाच वाटेल, घरासाठी माफ केलं."

"म्हणजे माफ केलंस?"

"आधी सही कर."

दुसऱ्या साक्षीदाराला बोलवायला वकील उठले, तर ताईने त्यांच्या हातातले पेन घेतले. वकील म्हणाले, "बाई, साक्षीदाराला या कागदातलं काही मिळत नाही."

"म्हणून तर," ताई म्हणाली.

सबब सहाव्या कलमातले घर आता भाचीला. आईला सांभाळ, असे तिला लिहून द्यावे लागणार नाही.

स्थळ: वकिलांची कचेरी, दुसरा मजला
दिनांक: १९ नोव्हेंबर २०१९, मंगळवार
करून देणारी: (सही)

साक्षीदार १: कचेरीतील टंकलेखिका. (सही) बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: करून देणारीची थोरली बहीण, शिवणकाम. (सही) धाकटीने माझ्यादेखत सही केली. डोके शाबूत होते. माफ केले आहे, आजच्या तारखेपासून.